धूर जाळण्याची कला

दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत नॉर्वे आणि स्वीडनमधल्या हजारो मोटारी, बसगाड्या आणि मालट्रक लाकडावर चालत होते. एप्रिल १९४० मध्ये जर्मन फौजा नॉर्वेत शिरल्या, बाहेरून येणारं पेट्रोल आटलं आणि गाड्यांच्या मागच्या बाजूला उंच लोखंडी भट्ट्या दिसू लागल्या. भट्टीत लाकडाचे लहान ठोकळे भरायचे आणि हवा मुद्दाम कमी सोडायची. अपुऱ्या हवेत लाकूड धड जळत नाही, पण तापतं, आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन असलेला ज्वलनशील वायू निघतो. तो गाळून, थंड करून इंजिनात सोडला की गाडी चालायची. पेट्रोलएवढा जोर नसे, पण काम भागत असे.

लाकूड जळतं म्हणजे नेमकं काय होतं, हे या गाड्यांनी उघड करून दाखवलं. लाकूड दिसायला घन इंधन आहे, पण त्याची ज्योत ही वायूची ज्योत असते. कडाक्याच्या हिवाळ्यात लाकडावर घर ऊबदार ठेवणाऱ्यांचं सारं कसब, झाड पाडण्यापासून राख काढण्यापर्यंत, याच वायूभोवती फिरतं. तो शेगडीतच जळाला तर घराला ऊब मिळते. न जळता निसटला, तर त्याचा धूर होतो. धुराड्यातून निघणारा दाट काळा-पिवळा धूर म्हणजे तोडलेलं, फोडलेलं, वाहून आणलेलं आणि तरीही न जळलेलं लाकूड.

किती लाकूड लागतं?

नॉर्वेच्या उत्तर टोकाकडच्या करासयोक या गावी १ जानेवारी १८८६ रोजी तापमान उणे ५१.४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरलं होतं. तो त्या देशाचा विक्रम. एरवीही आतल्या भागातल्या दऱ्याखोऱ्यांत उणे २० अंशांचं कुणाला नवल वाटत नाही. तिथे वीज मुबलक आहे, बहुतेक जलविद्युत आहे, आणि घरंही प्रामुख्याने विजेवरच गरम होतात. तरीसुद्धा असंख्य घरांत लाकडाची शेगडी असते. त्यामागे निव्वळ परंपरा नाही. सगळ्यात थंड संध्याकाळी सगळा देश एकदम हीटर लावतो, तेव्हा विजेच्या जाळ्यावर ताण येतो. वादळात तारा तुटल्या तर हीटर बंद पडतो. म्हणूनच तिथली नागरी संरक्षण यंत्रणा प्रत्येक कुटुंबाला ऊब मिळवण्याचा विजेशिवाय आणखी एक मार्ग हाताशी ठेवायला सांगते.

हिशेब मांडून पाहू. वीस टक्के ओलावा उरलेल्या एक किलो लाकडात साधारण ४ युनिट, म्हणजे ४ किलोवॉट-तास उष्णता असते. चांगली बंद शेगडी त्यातली पाऊण उष्णता खोलीला देते, म्हणजे ३ युनिट. समजा, घराला लाकडापासून सरासरी २ किलोवॉट ऊब हवी आहे. मग दिवसाला ४८ युनिट, म्हणजे १६ किलो लाकूड. नोव्हेंबर ते मार्च या पाच महिन्यांत हे २,४०० किलोंवर जातं. बर्च जातीच्या फोडलेल्या लाकडाची ही अंदाजे सहा घनमीटरांची रास होते: एक मीटर रुंद, दीड मीटर उंच, चार मीटर लांब. तेच लाकूड भिंतीतल्या उघड्या फायरप्लेसमध्ये जाळलं, तर दहा-पंधरा टक्केच ऊब हाती लागते, आणि तेवढ्याच उबेसाठी रास पाच ते साडेसात पट मोठी लागते. अंगणात किती सरपण रचायचं हे थंडीइतकंच शेगडीवरही ठरतं.

आगीत काय घडतं

शेगडीत ढलपी टाकली की आधी तिच्यातलं पाणी जातं. लाकडाचं तापमान शंभर अंशांच्या आसपास अडकून राहतं, कारण येणारी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. पाणी संपत आलं की तापमान चढतं आणि दोनशे अंशांच्या पुढे लाकूड विघटित होऊ लागतं. त्यातून वायू, डांबरट बाष्प आणि असंख्य सेंद्रिय पदार्थ बाहेर पडतात. कोरड्या लाकडाच्या वजनाचा सुमारे चार-पंचमांश भाग असा उडून जातो आणि लाकडातली निम्म्याहून जास्त उष्णता त्याच्याबरोबर जाते. उरतो तो कोळसा. त्याला ज्योत जवळजवळ नसते, तो निखारा होऊन धगधगत राहतो.

उडालेला वायू पूर्ण जळायला तीन गोष्टी लागतात: सुमारे सहाशे अंशांच्या वरचं तापमान, पुरेशी हवा, आणि दोन्ही एकमेकांत मिसळायला थोडा अवकाश. यातली एक जरी कमी पडली तरी वायू अर्धवट जळतो आणि काजळी व डांबर होऊन निघून जातो.

ओलं लाकूड का वाईट, याचं उत्तर इथे सापडतं, आणि ते सहसा दिलं जातं त्याहून वेगळं आहे. पाण्याची वाफ करण्यात उष्णता वाया जाते हे खरं, पण तो तोटा स्वतः फार मोठा नाही. नुकत्याच तोडलेल्या झाडाच्या वजनात जवळपास निम्मं पाणी असतं. म्हणजे एक किलो कोरड्या लाकडामागे एक किलो पाणी. त्याची वाफ करायला सुमारे ०.७ युनिट लागतात, आणि त्या लाकडात ५ युनिटांहून जास्त उष्णता असते. कागदावरचा तोटा तेरा-चौदा टक्क्यांचा. खरा घात दुसरीकडे होतो. पाण्यामुळे आग सहाशे अंशांपर्यंत पोचतच नाही, वायू पेट घेत नाही, आणि लाकडातली निम्मी संपत्ती धुराड्यातून निघून जाते.

हिवाळ्याची बेगमी वसंतात

म्हणून जानेवारीतली ऊब आदल्या वर्षीच्या मार्च-एप्रिलमध्ये ठरते. नॉर्वेत झाड पाडण्याचा जुना मोसम हिवाळ्याचा उत्तरार्ध. तेव्हा बर्चमध्ये रस चढलेला नसतो, बर्फावरून ओंडके ओढून आणणं सोपं जातं आणि गोठलेलं लाकूड कुऱ्हाडीच्या एका घावात दुभंगतं. वसंतात हवा कोरडी असते, वारा असतो, दिवस झपाट्याने मोठे होतात. एप्रिलमध्ये फोडून रचलेलं लाकूड उन्हाळाभर वाळतं आणि हिवाळ्याच्या तोंडावर वीस टक्क्यांच्या खाली येतं. जुलैत फोडायला घेतलेलं लाकूड शरद ऋतूतल्या दमट हवेत अडकतं.

उशीर झालाच तर एक युक्ती आहे. पानं फुटल्यावर झाड पाडायचं आणि फांद्या न छाटता काही आठवडे तसंच आडवं पडू द्यायचं. पानं सुकेपर्यंत खोडातलं पाणी ओढत राहतात. झाडाकडूनच झाड वाळवून घ्यायचं.

वाळण्यामागचं शास्त्र लाकडाच्या रचनेत आहे. खोड म्हणजे उभ्या नळ्यांसारख्या पेशींचा गठ्ठा. पाणी या नळ्यांच्या लांबीच्या दिशेने भराभर सरकतं, आडव्या दिशेने फार सावकाश. त्यामुळे तुकडे आखूड कापणं महत्त्वाचं. नॉर्वेत विकत मिळणारं सरपण बहुधा ३० सेंटिमीटर लांबीचं असतं. आधी पेशींच्या पोकळीतलं मोकळं पाणी जातं, ते लवकर जातं. नंतर पेशींच्या भिंतीत मुरलेलं पाणी निघतं, त्याला महिने लागतात. ते निघू लागलं की लाकूड आकसतं आणि तुकड्याच्या टोकांवर चिरा पडतात. दोन तुकडे एकमेकांवर आपटले आणि खणखणीत आवाज आला तर लाकूड वाळलं. धप्प आवाज आला तर थांबायचं. बर्चच्या तुकड्याच्या एका टोकाला साबणाचं पाणी लावून दुसऱ्या टोकाने जोरात फुंकण्याचीही रीत आहे. फेस आला तर नळ्या मोकळ्या झाल्या.

बर्च नुसता आखूड कापून भागत नाही, फोडावाही लागतो, आणि त्याचं कारण सालीत आहे. हा वृक्ष आपल्या हिमालयातल्या भूर्जाचा सख्खा भाऊबंद. ज्या सालीवर आपल्याकडे पोथ्या लिहिल्या गेल्या, तशीच त्याचीही साल, पातळ आणि पाणी न झिरपू देणारी. नॉर्वेतल्या पारंपरिक घरांच्या छपरावर मातीच्या आणि गवताच्या थराखाली हीच साल अंथरत असत. छपराला ती उत्तम, पण अखंड ओंडक्यात ती पाणी आतच कोंडते आणि लाकूड कुजतं.

कोणतं झाड चांगलं, हा वाद मात्र बराचसा फुकाचा आहे. किलोला किलो तोललं तर बर्च, पाइन, स्प्रूस यांची उष्णता जवळजवळ सारखी. फरक घनतेचा. बर्च जड असल्यामुळे शेगडीत एका वेळी जास्त इंधन मावतं आणि आग जास्त वेळ टिकते. स्प्रूस हलका, चटकन पेटतो, म्हणून पेटवणीला सोयीचा. नॉर्वेत सरपण ४० किंवा ६० लिटरच्या पोत्यांत, म्हणजे मापाने विकतात. आपल्या वखारीत ते वजनावर मिळतं; तिथे ओल्या लाकडाबरोबर गिऱ्हाईक पाण्याचेही पैसे मोजतो.

लार्स मिट्टिंग या नॉर्वेजियन लेखकाने २०११ मध्ये केवळ लाकूड तोडणं, रचणं, वाळवणं आणि जाळणं यावर पुस्तक लिहिलं आणि ते तडाखेबंद खपलं. त्यातून फेब्रुवारी २०१३ मध्ये तिथल्या सरकारी दूरचित्रवाणीने बारा तासांचा कार्यक्रम केला. पहिले काही तास लाकडावर चर्चा, नंतर रात्रभर एका शेगडीतली जळती आग. प्रेक्षकांचे तक्रारीचे संदेश आले. निम्म्यांचं म्हणणं, लाकडाची साल वरच्या बाजूला ठेवली हे चूक. निम्म्यांचं म्हणणं, खालच्या बाजूला ठेवली हे चूक! रास रचतानाही हाच वाद असतो. साल वर असली की पावसाचं पाणी ओघळून जातं, खाली असली की ओल वरून निघून जाते. राशीवर छप्पर असेल तर फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो वाऱ्याने. रास जमिनीपासून उचललेली हवी, भिंतीला चिकटलेली नको, आणि वरून झाकली तरी बाजू उघड्या हव्यात. चहूबाजूंनी ताडपत्रीत गुंडाळलेलं लाकूड आतल्या आत घामेजतं आणि बुरसतं.

शेगडी कशी शहाणी झाली

उघड्या आगीत दोन दोष आहेत. वायू जळायच्या आत निसटतो, आणि धुराड्याचा ओढा खोलीतली ऊबदार हवाही ओढून नेतो. बेंजामिन फ्रँकलिनने अमेरिकेत यावर उपाय म्हणून लोखंडी शेगडी तयार केली आणि १७४४ मध्ये तिची माहितीपुस्तिका छापली. पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नरने देऊ केलेलं पेटंट त्याने नाकारलं. कल्पना सर्वांच्या उपयोगी पडावी अशी त्याची भूमिका होती. मूळ रचनेत मात्र धूर आधी खाली उतरून मग धुराड्यात जायचा, आणि धुराडं पुरेसं तापलेलं नसलं की तो खोलीत परतायचा. पुढे इतरांनी ती रचना सुधारली.

स्वीडनमध्ये प्रश्न टंचाईचा होता. लोखंडाच्या कारखान्यांना प्रचंड लाकडी कोळसा लागायचा आणि जंगलावर ताण येत होता. १७६७ मध्ये कार्ल योहान क्रोन्स्टेड्ट आणि फाबियान व्रेडे यांच्याकडे कमी लाकडात घर गरम करणारी शेगडी तयार करण्याचं काम आलं. त्यांनी विटांच्या उंच शेगडीत धुराला वर-खाली फिरवणारे नागमोडी मार्ग काढले. सकाळी एकदा जोरदार आग करायची. तप्त वायू या मार्गांतून जाताना विटांना उष्णता देतो आणि विटा ती दिवसभर सावकाश खोलीला देत राहतात. बाहेरून चिनी मातीच्या फरशा लावलेल्या या शेगड्या जुन्या स्वीडिश घरांत आजही दिसतात. यातला खरा शहाणपणा असा, की आग मंद ठेवून ऊब लांबवायची नाही. आग जोरात जाळायची आणि ऊब साठवायची.

आजच्या ओतीव लोखंडाच्या शेगडीत हवेला दोन वाटा असतात. एक खालून, निखाऱ्यांसाठी. दुसरी वरून; ती हवा शेगडीच्या अंगातून फिरून तापते आणि काचेच्या आतल्या बाजूने उतरत ज्योतीच्या माथ्याशी पोचते. जो वायू जुन्या शेगडीत धूर होऊन गेला असता, तो इथे पेट घेतो. आतून अस्तर असतं भाजक्या विटेचं, म्हणजे आगीचं तापमान पडत नाही. नॉर्वेने १९९८ पासून नव्या शेगड्यांवर मर्यादा घातली: किलोभर लाकडामागे धुरातून बाहेर पडणारे कण सरासरी १० ग्रॅमच्या आत हवेत.

ओढा कसा निर्माण होतो, हे ज्यांच्या न्हाणीघरात तांब्याचा बंब होता त्यांना वेगळं सांगायला नको. मधल्या नळीतली हवा तापते, हलकी होऊन वर जाते, आणि तिच्या जागी खालच्या जाळीतून नवी हवा आत शिरते. धुराडं उंच आणि तापलेलं असेल तेवढा हा ओढा जास्त. बंबात ओली लाकडं घातली की न्हाणीघर धुराने कोंदायचं, तेही याच नियमाने: नळी थंड, ओढा मंद.

पेटवण्याची रीत

पूर्वी काटक्या खाली आणि जाड लाकूड वर अशी रचना करत. आता नॉर्वेत उलटं करायला सांगतात. जाड तुकडे तळाशी, त्यावर बारीक, आणि पेटवण सगळ्यात वर. खालून पेटवलं की वरचं सगळं लाकूड एकदम तापून वायू सोडू लागतं, आणि तो जाळण्याइतकी आग अजून तयार नसते. वरून पेटवलं की आग हळूहळू खाली उतरते, आणि खालून निघालेला वायू ज्योतीतूनच वर जातो.

रात्रभर ऊब राहावी म्हणून शेगडी लाकडाने ठासून भरायची आणि हवा जवळजवळ बंद करायची, ही जुनी सवय सगळ्यात नुकसानीची. युद्धकाळातल्या मोटारींच्या भट्टीत हवा तोडून वायू काढत, तेच इथे घडतं. फक्त त्याला जाळणारं इंजिन नसतं. तो थंड धुराड्याच्या भिंतीवर डांबर होऊन बसतो. थर जमत जातो आणि एखाद्या दिवशी जोरदार आगीने तोच पेट घेतो. धुराड्यातली ही आग हजार अंशांच्या वर जाऊ शकते. विटा तडकतात, घर पेटतं. नॉर्वेत धुराडी साफ करणं आणि तपासणं ही नगरपालिकांची जबाबदारी आहे, ती याचसाठी.

नव्या घरांत एक वेगळीच अडचण दिसते. भिंती आणि खिडक्या इतक्या बंदिस्त असतात की मोठी शेगडी तासाभरात खोली तापवते, मग लोक हवा कमी करतात आणि धूर सुरू होतो. अशा घरात लहान शेगडी आणि थोडं थोडं लाकूड हेच बरं. स्वयंपाकघरातला हवा बाहेर फेकणारा पंखा चालू असेल तर तो धूर उलटा खोलीतही ओढू शकतो, म्हणून शेगडीला बाहेरून वेगळ्या नळीने हवा देतात.

अर्धवट ज्वलनातला सगळ्यात धोकादायक पदार्थ दिसतही नाही आणि त्याला वासही नसतो. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. उत्तर भारतात दर हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेल्यांच्या मृत्यूच्या बातम्या येतात. निखारे धूर देत नाहीत म्हणून ते निरुपद्रवी वाटतात, पण हा वायू तेच भरपूर सोडतात. काश्मीर किंवा हिमाचलमध्ये फिरायला गेल्यावर खोलीत बुखारी, म्हणजे खोली गरम करणारी शेगडी असेल, तर तिची नळी बाहेरपर्यंत धड गेली आहे का, हे पाहूनच झोपावं. आणि नळी नसलेली शेगडी झोपण्यापूर्वी खोलीबाहेर काढावी.

शेजाऱ्याची हवा

इतकं सगळं नीट केलं तरी धुरातले कण पूर्ण थांबत नाहीत. लाकूड जाळणं हा नॉर्वेतल्या सूक्ष्म कणांचा, म्हणजे पीएम २.५ चा, सगळ्यात मोठा स्रोत आहे. थंड, वारा पडलेल्या रात्री गार हवा दरीच्या तळाशी साचते आणि धूर वर जाऊ शकत नाही. ज्या रात्री लाकूड सगळ्यात जास्त हवंसं वाटतं, त्याच रात्री ते शहरातल्या हवेला सगळ्यात जास्त भोवतं. काजळी बर्फावर बसली की बर्फ जास्त ऊन शोषून लवकर वितळतो, हा आर्क्टिकचा वेगळा प्रश्न. ओस्लो शहरात जुनी शेगडी बदलून नवी घेण्यासाठी अनुदान दिलं गेलं. इंग्लंडने मे २०२१ पासून दोन घनमीटरांहून कमी मापात ओलं सरपण विकायला बंदी केली. ओलावा वीस टक्क्यांच्या आत हवा.

कार्बनचा हिशेबही सरळ नाही. झाडाने हवेतून घेतलेला कार्बन जाळल्यावर हवेत परततो हे खरं, पण तो तासाभरात परततो, आणि तेवढाच कार्बन नव्या झाडात साठायला काही दशकं लागतात. जंगल जेवढं वाढतं त्याहून कमी तोडलं तरच हा व्यवहार जमतो.

आपल्याकडे ऊब हा प्रश्न दुय्यम. पण चुलीचा धूर हा तोच न जळलेला वायू, आणि तो धुराड्याऐवजी स्वयंपाक करणारीच्या छातीत जातो. पुण्याच्या आरती या संस्थेने सुधारित चुलींवर काम केलं, त्यामागे तत्त्व हेच: लाकडातला वायू भांड्याखाली जळाला पाहिजे.

मग लाकडाने घर गरम करावं का? विरळ वस्ती, जवळ जंगल, वर्षभर आधी फोडलेलं सरपण, नवी शेगडी आणि एरवीसाठी वीज असेल, तिथे ते शहाणपणाचं आहे, आणि तारा तुटलेल्या रात्री जीव वाचवणारंही. खिडकीला खिडकी लागलेल्या शहरात, शोभेची आग म्हणून, ते शेजाऱ्यांच्या फुफ्फुसांवर केलेली चैन ठरते. मधल्या असंख्य घरांसाठी एक चाचणी पुरेशी आहे. पेटवून पंधरा-वीस मिनिटं झाली की अंगणात येऊन धुराड्याकडे पाहावं. वर हवा नुसती थरथरत असेल तर काम ठीक चाललं आहे. धूर दिसत असेल तर लाकूड ओलं आहे, हवा कमी आहे किंवा शेगडी मोडीत काढायची वेळ झाली आहे; आणि या तिन्हींवर उपाय आहेत.